पाणी न पिण्याची विद्या

सोनोग्राफीच्या केंद्रातून मिळालेली चिठ्ठी तिने माझ्यापुढे धरली तेव्हा आम्ही दोघी डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत बसलो होतो. चिठ्ठीवर छापलं होतं: तपासणीच्या एक तास आधी चार ते पाच ग्लास पाणी प्यावे, तपासणी होईपर्यंत लघवीस जाऊ नये. तिने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "ताई, ही तर आपली रोजची परीक्षा. आपण पहिल्या नंबराने पास." मीही हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते, आणि लाज वाटावी अशा गोष्टी या हकिकतीत पुढे पुष्कळ आहेत.

ती म्हणजे आमचं पिल्लू. तिचं खरं नाव ड्यूटीच्या कागदावर होतं, पण डेपोत तिला कुणी त्या नावाने हाक मारली नाही, आणि त्याला कारण मी. मी बावीस वर्षं बसवर कंडक्टर आहे. डेपोतले लोक आधी मला मागून उंटीण म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. पहाटे साडेपाचला पहिल्या फेरीवर चढले की दुपारी दोनला उतरेपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नाही आणि कुठे बाजूलाही जात नाही, म्हणून हे नाव. उंटावरून शेळ्या हाकणारे डेपोत पुष्कळ आहेत, पण खरी उंटीण मी एकटीच, असं मीच सगळ्यांना सांगायचे. तीन वर्षांपूर्वी ही मुलगी नवीन लागली, कामाची माहिती करून घ्यायला तिला माझ्या हाताखाली दिलं, आणि ती आपोआप उंटिणीचं पिल्लू झाली.

दिसायला एवढीशी. वरची दांडी धरायला टाचा उंच कराव्या लागत. पण आवाज असा की मागच्या दारात लोंबकळणारा माणूस तो ऐकूनच आत सरकावा. एक म्हातारे गुरुजी रोज आमच्या गाडीला असायचे, त्यांना ऐकू कमी यायचं. त्यांचा थांबा आला की ही त्यांच्या खांद्यावर बोटाने दोनदा टकटक करायची, आणि ते न बोलता उठायचे. जागेवरून दोन माणसं भांडायला लागली की मी दोघांनाही झापायचे. ही आधी दोघांना उतरायचं कुठे ते विचारायची आणि मग म्हणायची, "काका, हे तीन थांब्यांनी उतरणार आहेत. भांडण तेवढ्यात संपवा, नाहीतर पुढे एकट्यालाच भांडावं लागेल." सगळी गाडी हसायची आणि भांडणारेही हसायचे. हे मला कधी जमलं नाही. मी नाकावर माशी बसू देत नाही.

तिची आई लहानपणीच गेलेली. नवरा ट्रकवर, वीस-वीस दिवस घराबाहेर. सासू थोरल्या मुलाकडे, दूर. म्हणजे घरात दोन गोष्टी विचारायला बाईमाणूस नाही. ते सगळं ती मला विचारायची, आणि मी सांगायचे. न विचारलेलंही सांगायचे.

कामाच्या चौथ्या दिवशी, शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असताना, तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, "ताई, इथे बाथरूम कुठे आहे?" मी तिला पेट्रोल पंपामागची ती खोली दाखवली. दाराला कडी नव्हती, आतून पायाने दार दाबून धरावं लागे आणि बाहेर सदा चार-दोन ड्रायव्हर उभे. ती गेली आणि तशीच परत आली. मग मी तिला डेपोतली गोष्ट सांगितली. डेपोत बायकांसाठी वेगळं बाथरूम आहे, चांगलं आहे, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली असते कंट्रोलरच्या टेबलाच्या खणात. कंट्रोलरसमोर बाकावर ड्यूटीची वाट बघत आठ-दहा पुरुष बसलेले असतात. मी नोकरीला लागले तेव्हा डेपोत बाई मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात किल्ली मागायला गेले, तेव्हा बाकावरचा एकजण म्हणाला, "द्या हो लवकर, बाईसाहेबांना घाई झालीय." सगळे हसले. फार काही वाईट बोलला नाही तो. आज तो रिटायर झालाय, रस्त्यात भेटला तर माझ्या मुलांची चौकशी करतो. पण मी त्या दिवशी कानाला खडा लावला आणि पुन्हा किल्ली मागितली नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही.

"मग करता काय?" पिल्लूने विचारलं.

"प्यायचंच नाही," मी म्हणाले. "आत गेलंच नाही तर बाहेर कशाला येईल?"

आणि मी तिला माझी सगळी विद्या दिली. पहाटे अर्धा कप चहा, त्यावर पाणी नाही. घसा सुकला तर जिभेखाली शर्टाचं बटण ठेवायचं, तोंडाला पाणी सुटतं. उन्हाळ्यात ओला रुमाल मानेवर. फारच लागली तर टाच जमिनीला घट्ट रोवून मनात थांब्यांची नावं उलटी म्हणायची. माझ्या जुन्या युनिफॉर्मचं बटण मीच तिला काढून दिलं. गुरूने शिष्याला मंत्र द्यावा अशा थाटात दिलं, हे सांगायला आता जीभ अडखळते. वर्षभरात ती माझ्यासारखीच तयार झाली आणि मी तिला चारचौघांत मिरवायला लागले.

तर ती चिठ्ठी. दुसरा महिना संपत आला होता, पहिली सोनोग्राफी. नवरा बाहेरगावी, म्हणून सोबत मी. ड्यूटी संपवून आम्ही केंद्रात गेलो. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि कागदी पेल्यांची चळत. पाच-सहा बायका येरझाऱ्या घालत होत्या. एकीने ओठ दाबून धरले होते, एक दर दोन मिनिटांनी नर्सला विचारत होती, "माझा नंबर कधी हो? आता राहवत नाही." आणि आमचं पिल्लू खुर्चीत मजेत बसलेलं. मी शेजारणीला म्हणाले, "आमची पोरगी आठ-आठ तास राहते. सवय असावी लागते." ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

पिल्लूने पहिला पेला संपवला. दुसरा अर्धा झाला आणि तिला उमासे यायला लागले. इतकं पाणी एका वेळी घ्यायची तिच्या पोटाला सवयच राहिली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, उठली, आणि उरलेलं पाणी हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतून आली. एकदा नाही, तीनदा. मी पाहिलं आणि मूग गिळून बसले. नर्सने विचारलं, "प्यायलात का पाच ग्लास?" ती म्हणाली, "हो." नर्स म्हणाली, "तोंडात काय आहे?" पिल्लूने जीभ वर करून बटण काढलं आणि तळहातावर धरलं. मी सांगितलं, "गोळी समजून चघळतेय, आवड आहे तिला."

आत डॉक्टरीणबाई होत्या. पोटावर ते थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, "मूत्राशय रिकामं आहे. ते भरलेलं असलं की गर्भाशय वर उचललं जातं आणि नीट दिसतं. असं काही दिसणार नाही. बाहेर बसा, घोट घोट प्या, घाई नको." आम्ही पुन्हा बाहेर. घोटाघोटाने प्यायला तिला दीड तास लागला. शेवटी एकदाचं दिसलं. पडद्यावर राखाडी रंगात एक ठिपका लुकलुकत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे ठोके." पिल्लूने माझं मनगट घट्ट धरलं. उठताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दिवसभर भरपूर पाणी पीत जा. आणि तपासणीचा दिवस सोडून एरवी लघवी अजिबात रोखायची नाही. लागली की जायचं."

परतीच्या बसमध्ये पिल्लूने विचारलं, "ताई, कसं जमायचं?"

त्या क्षणी मला एवढंच म्हणायला हवं होतं की चल, उद्या मी तुझ्याबरोबर कंट्रोलरकडे येते. त्याऐवजी मी म्हणाले, "डॉक्टरांना बोलायला काय जातंय. त्यांच्या खोलीला लागून बाथरूम असतं. जमेल तेवढं करायचं."

हे मी का म्हणाले याचा मी नंतर खूप विचार केला. माझी दोन्ही मुलं नोकरीच्या आधीची, पोटात मूल घेऊन ही विद्या मी कधी चालवलीच नव्हती, हे तर खरंच. पण ते कारण नव्हे. हिने जाऊन सरळ किल्ली मागितली असती आणि तिला सरळ मिळाली असती, तर मी बावीस वर्षं जे सोसलं ते सगळं फुकटच सोसलं, असं ठरलं असतं. ते मला नको होतं. माझी उंटीण खोटी पडायला नको होती, मग तिचं काही का होईना. एवढं स्पष्ट तेव्हा कळलं नव्हतं, पण मनात होतं तेच.

पाचव्या महिन्यात तिला बसवरून उतरवून डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. आता बाथरूम वीस पावलांवर होतं. मध्ये फक्त तो बाक आणि तो खण. ती सकाळी सहाला खिडकीत बसायची आणि दोनला उठायची, आणि पाण्याची भरलेली बाटली तशीच घरी न्यायची. मी येता-जाता बघत होते. बाटली बघूनही मी विचारलं नाही.

सातव्या महिन्यात तिला थंडी वाजून ताप आला. लघवीला आग होत होती, ते तिने तीन दिवस अंगावर काढलं, कारण सांगायचं कुणाला आणि कसं. चौथ्या दिवशी मला सांगितलं, तेव्हा मी रिक्षा करून तिला केंद्रात नेलं. तेच डॉक्टरीणबाईंचं टेबल, तोच पडदा. या वेळी पोट भरून दिसत होतं, पण डॉक्टरीणबाई एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत होत्या. मी तिची पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होते.

"बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय," त्या म्हणाल्या. "दिवसाला किती पाणी पिता?"

"दोन ग्लास."

"दोन? या दिवसांत? का?"

पिल्लूने माझ्याकडे मान वळवली नाही. छताकडे बघत म्हणाली, "मला तहानच लागत नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं का होतं याचं कारण दरवेळी सांगता येत नाही. पण तुम्ही पाणी पीत नाही, लघवी रोखता, त्यातून हा संसर्ग झालाय. हे नक्कीच चांगलं नाही. ताबडतोब रजा घ्या. औषध देते. दिवसाला तीन लिटर पाणी, कुशीवर झोपून विश्रांती. आठवड्याने पुन्हा बघू. पाणी वाढलं नाही तर दाखल करावं लागेल, आणि कदाचित बाळ लवकर काढावं लागेल."

धरणी दुभंगावी आणि आत जावं, असं म्हणतात ना, तसं झालं. पण धरणी कुठली दुभंगायला, खाली साधी फरशी होती आणि मला तिच्यावर उभं राहायचं होतं.

तो आठवडा मी सकाळची ड्यूटी बदलून दुपारची घेतली. सकाळी तिच्याकडे जायचे. तिचं घर दोन खोल्यांचं, खिडकीत नवऱ्याचा एक वाळत घातलेला शर्ट, तो परत येईपर्यंत तिथेच असायचा. मी तांब्या भरून उशाशी ठेवायचे, पेला हातात द्यायचे, आणि तिने संपवला की पुन्हा भरायचे. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात, मी तर दुसऱ्याचा घसा कोरडा करून मग खणत होते. ती बाथरूमला गेली की मला बरं वाटायचं. बाहेरच्या खोलीत बसून मी तो आवाज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, जाऊ दे, अजून जाऊ दे. असल्या गोष्टीचा कुणाला आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी मी विचारलंच, "तू डॉक्टरीणबाईंना माझं का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?" ती म्हणाली.

"हेच. की मी शिकवलं."

ती पेल्याच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "तुम्ही माझं वाईट व्हावं म्हणून थोडंच शिकवलंत," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या तुम्हाला काहीतरी बोलतील. सगळ्यांसमोर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांसमोर कुणी बोललेलं चालत नाही, ते मला माहीत आहे."

तिने शिवी दिली असती तर मी सहन केली असती. मी तांब्या उचलून मोरीत गेले आणि भरलेलाच तांब्या पुन्हा भरत बसले.

आठव्या दिवशी केंद्रात गेलो. नर्स म्हणाली की आता एवढ्या दिवसांच्या पोटाला मूत्राशय भरलेलं लागत नाही, लागली तर जाऊन या. तिचा नंबर लगेच लागला म्हणून ती तशीच आत गेली. मी मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवलं, चार ठिकाणी मापं घेतली, नर्सला आकडे सांगितले. मला त्या आकड्यांतलं काही कळत नव्हतं. मी त्यांच्या भुवया बघत होते. मग त्या म्हणाल्या, "वाढलंय. अजून हवं तेवढं नाही, पण चांगलं वाढलंय. बाळाची वाढ ठीक आहे. असंच चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात पुन्हा या." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आई का? चांगली काळजी घेतलीत."

तेव्हा मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "आई नाही मी. हिला पाणी पिऊ नको म्हणून शिकवलं ते मी. आम्ही बसवर काम करतो. बाथरूमला जावं लागू नये म्हणून शिकवलं." बोलताना माझा आवाज चढला होता, गाडीत थांबा पुकारावा तसा. नर्सने वर पाहिलं. "बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता नका शिकवू." आणि पिल्लूला पोट पुसायला कागद दिला.

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही, उलट छाती हलकी झाली. बाहेर येऊन बसलो तेव्हा मी स्वतःवर खूशच होते. बोलून टाकलं, मोकळी झाले, आता आयुष्यभर हा बोजा नको, असं काहीबाही मनात चाललं होतं. रिपोर्ट हातात मिळायला अर्धा तास लागणार होता. खोली भरलेली होती. समोरच्या ओळीत बायकांबरोबर आलेले नवरे बसले होते, चार-पाच पुरुष, गुडघे पसरून.

पिल्लू माझ्याकडे झुकलं आणि हळूच म्हणालं, "ताई, लागलीय."

मी म्हणाले, "थांब थोडी. रिपोर्ट आला की घरीच जाऊ."

तोंडातून शब्द गेले आणि मग मला ऐकू आले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण माझी तर पाव तासही गेली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गाडीत एखाद्या म्हाताऱ्या बाईला हात धरून उतरवताना ती जशी बघायची, तशी. मग तिने खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला, पोट सावरत उठली आणि तिथूनच, त्या भरल्या खोलीत, मागच्या दारापर्यंत पोचणाऱ्या आवाजात नर्सला म्हणाली, "सिस्टर, बाथरूम कुठे आहे? मला लघवीला जायचंय."

"डावीकडे, शेवटचं दार," नर्स कागदातून डोकं न काढता म्हणाली. समोरच्या पुरुषांपैकी एकाने पाय आत घेऊन तिला वाट दिली आणि पुन्हा मोबाइल बघायला लागला. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. ती हळूहळू चालत गेली, दार लागल्याचा आवाज आला.

मी बसून होते. सकाळी सहापासून मीही गेले नव्हते. तिच्या तपासणीच्या काळजीत लक्षात आलं नव्हतं, पण आता ओटीपोट दुखत होतं, नेहमीसारखं. माझी टाच फरशीवर घट्ट रोवलेली होती. डावीकडे, शेवटचं दार. एवढंच तर होतं.

ती परत आली. हात ओले होते, ते तिने ओढणीला पुसले आणि माझ्याशेजारी बसली. किती सुटल्यासारखं वाटतंय ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"स्वच्छ आहे हो आत," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन येता का, ताई?"

समोरचा माणूस मोबाइलमधून वर बघत होता, किंवा मला तसं वाटलं.

"नको," मी म्हणाले. "मला नाही लागली."